मुठीचं माप

शांततेसाठी दोनशे काठ्या हव्यात असं सांगायला गिरणीवाला आला, तेव्हा तात्या माझ्या खोऱ्याचा दांडा तासत बसला होता. मी समोर मूठ पुढे करून बसलो होतो.

तात्या म्हणजे आमचा शेजारी, गावातला एकमेव सुतार. त्याची एक रीत होती. दांडा करायचा तर आधी माणूस समोर बसवायचा. त्याच्या मुठीभोवती सुतळी फिरवायची, बोटं टेकतील तिथं गाठ मारायची, आणि ती सुतळी पडवीतल्या खिळ्याला टांगायची. नाव नाही, खूण नाही. अख्ख्या गावाच्या मुठी त्या भिंतीवर लोंबत असायच्या, वारा आला की हळूच हलायच्या. पण तात्या अंधारात चाचपून सांगायचा, ही अमक्याची, ही तमक्याची. "दांडा हातात आहे हे हाताला कळता कामा नये," तो म्हणायचा. "कळलं की फोड आलाच समज."

गिरणीवाला उभ्यानंच म्हणाला, "तात्या, येत्या आठवड्यात आमचा शांतता मोर्चा आहे. दोनशे काठ्या पाहिजेत. बाभळीच्या. मजबूत."

"शांततेला काठी कशाला रे बाबा?"

"टिकवायला."

तात्यानं वाकस खाली ठेवला. "मग माणसं पाठव एकेक. मुठी मोजतो."

"मोजायचं काय त्यात? आमच्या सगळ्यांची मूठ एक आहे," गिरणीवाला छाती फुगवून म्हणाला आणि गेला.

त्याची पाठ वळते न वळते तोच दुसऱ्या बाजूनं भाषणमास्तर आला. हा माणूस कधीकाळी शाळेत शिकवायचा, आता नुसतीच भाषणं करायचा. "तात्या, आमचाही शांतता मोर्चा आहे. त्याच दिवशी, त्याच चौकात, त्याच वेळेला. त्यांची काठी केवढी?"

"चार हात."

"आमची एक वीत जास्त ठेवा."

हे गिरणीवाल्याला कळलं. संध्याकाळी त्याचा निरोप आला, आमची दोन वीत जास्त. सकाळी भाषणमास्तरचा आला, आमची तीन. तात्या म्हणाला, "अरे, असंच चाललं तर काठीची शिडी होईल. एकमेकांना मारायला वर चढावं लागेल तुम्हाला." शेवटी दोघांना समोरासमोर बसवून चार हातांवर तोडपाणी झालं. या दोघांचं एकमत झालेलं गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्यांदा झालं ते पुढं सांगतो.

आता हे दोन पक्ष कसे झाले, ते ऐका. आधी एकच पक्ष होता, त्याची निशाणी होती घागर आणि दोर. मग राजधानीत दोन साहेबांचं बिनसलं. भांडण कोर्टात गेलं, एकाला घागर मिळाली, दुसऱ्याला दोर. साहेब लोक नळाचं पाणी पितात, त्यांचं काही अडलं नाही. आमच्या गावाला मात्र एकच विहीर, तीही खोल.

फर्मान निघालं. घागरवाल्याच्या घरात दोर सापडला तर फितुरी. दोरवाल्याच्या घरात घागर सापडली तर गद्दारी. पहिले दोन दिवस गावानं निष्ठा पाळली. घागरवाले रिकाम्या घागरी घेऊन विहिरीत डोकावले, दोरवाल्यांनी नुसते दोर सोडून ओले करून आणले आणि चोखले. तिसऱ्या दिवशी बायकांनी शहाणपण केलं. दुपारी पुरुष आडवे झाले की एक घागरवाली आणि एक दोरवाली जोडीनं विहिरीवर जायची. पाणी निम्मं निम्मं. गुणगुणायच्या सुद्धा:

*घागर गं माझी, दोर गं तुझा, पाण्याला कुठली जात,*
*धनी गं भांडती चौकामध्ये, आपण भरू या आत.*

त्यातली एक जोडी तात्याच्याच घरची. तात्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा गिरणीत कामाला, म्हणून घागरवाला. मालकाची निशाणी तीच नोकराची, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. लेक दिलेली गावातच, पलीकडच्या आळीत. ती आळी सगळी दोराची, म्हणून जावई दोरवाला. सून घागर घेऊन निघायची, लेक दोर घेऊन. सुनेच्या कडेवर वर्षाचं लेकरू, लेकीला सातवा महिना.

आणि गंमत अशी, की मुलगा आणि जावई लहानपणापासूनचे जिगरी. एका म्हशीच्या शेपटीला धरून दोघं पोहायला शिकलेले. बहिणीसाठी हे स्थळ मुलानंच आणलं होतं. लग्नात तात्यानं जावयाला कुदळ दिली होती. तीन वर्षं सुकवलेल्या बाभळीचा दांडा. जावयाचा उजवा अंगठा मळणीयंत्रानं अर्धा नेला होता, म्हणून तात्यानं दांड्यावर त्या थोटक्या अंगठ्यापुरता एक खोलगट घर कोरलं होतं. जावई ती कुदळ हातात घेऊन रडला होता. "मामा, अंगठा परत आल्यासारखं वाटतंय हो."

तर आता हे दोघं शांततेसाठी चौकात समोरासमोर येणार होते.

त्या दिवशी तात्या दुपारभर पडवीत बसून राहिला. हातात काम नाही, नुसता भिंतीकडे बघत. मग उठला आणि परसात गेला. तिथं शेवग्याची तीन झाडं होती, बायकोनं लावलेली. कुऱ्हाड घेतली आणि तिन्ही आडवी केली. गावाबाहेर ओढ्याकाठची आणखी सात-आठ आणली. सून धावत आली.

"मामंजी, हे काय? शेवगा कशाला तोडला? त्याचं लाकूड म्हणजे काकडी. पोर चढलं तरी फांदी मोडते."

"म्हणूनच."

ती बघत राहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तोंडावर पदर दाबून ती इतकी हसली की कडेवरचं लेकरूही हसायला लागलं. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणी हसलं होतं.

मग दोघं कामाला लागली. तात्या तासायचा, सून तेलात काजळी कालवून चोळायची. काठी अशी काळीभोर दिसायची की बाभळीनंही बहीण म्हणून जवळ घ्यावं. लेकही मागच्या दारानं यायची, पोट सावरत बसून फडक्यानं चकाकी आणायची.

"वहिनी, दादाला सांगितलंस?"

"छे गं. तुमचे दादा म्हणजे फुटकं मडकं, सगळं गळतं. तुम्ही घरी बोललात?"

"आमचे हे तर कर्णाच आहेत."

"मामंजी," सून म्हणाली, "नक्की मोडतील ना?"

"आयुष्यभर न मोडणारं करत आलो," तात्या म्हणाला. "मोडणारं करायला जास्त अक्कल लागते. डोक्याच्या आधी काठी तुटली पाहिजे."

मी हे सगळं कुंपणावरून बघत होतो. सांगतो, त्या आठ दिवसांत तात्या दहा वर्षांनी तरणा झाला.

मोर्चाचा दिवस उजाडला. ऊन असं की जमिनीला भेगा पडून त्यात सरडे गेले होते. दोन्ही मोर्चांना परवानगी एकाच चौकाची, एकाच वेळेची मिळाली होती. आम्ही विचारलं तर कारकून म्हणाला, दोघांचे अर्ज शांततेचेच होते, नाकारू कसे?

चौकाच्या एका टोकाला गिरणीवाला कर्णा घेऊन, दुसऱ्या टोकाला भाषणमास्तर कर्णा घेऊन. दोघंही गाडीच्या टपावर. "शांततेचा!" हा ओरडला. "विजय असो!" दोनशे जण. "शांततेचा!" तो ओरडला. "विजय असो!" पलीकडचे दोनशे. मग कुणाचा विजय जास्त मोठ्यानं झाला यावरून जुंपली.

पहिली काठी कडकन मोडली. मग दुसरी. मग एकदम शंभर. जणू वाळक्या काटक्यांच्या ढिगावरून रेडा गेला. ज्याच्या पाठीत बसली त्याला पाठ चोळायलाही सवड मिळाली नाही, काठीचे तीन तुकडे पायाशी. एकानं दुसऱ्याच्या टाळक्यात घातली तर काठी मोडली आणि टाळकं विचारतंय, "झालं?" दोन-चार पळांत चारशे माणसं हातात वीतभर थोटकं घेऊन उभी. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा हसला. मुलगा आणि जावई मधोमध आमनेसामने होते. मुलानं आपलं थोटकं बघितलं, जावयाचं बघितलं. "अरे, शेवगा आहे हा," तो म्हणाला. "बाबांनी केलं हे." जावई खाली बसून हसायला लागला. पोट धरून. आम्ही पाहिलं हे, आमच्या डोळ्यांनी.

तात्या पडवीच्या पायरीवर बसला होता. सुनेनं लेकरू त्याच्या मांडीवर दिलं. तिथवर हसण्याचा आवाज येत होता. तात्यानं डोळे मिटले होते.

तिथंच थांबलं असतं.

पण टपावर चढलेला माणूस हसण्यावर खाली उतरत नाही. गिरणीवाल्याचा कर्णा कडाडला, "कार्यकर्त्यांनो, खचू नका! निकृष्ट मालानं आपला घात केला आहे. घरी जा. शेताची हत्यारं घेऊन या."

भाषणमास्तरचा कर्णा म्हणाला, "आम्हीही मागं राहणार नाही! दहा मिनिटांची विश्रांती."

आणि खरंच विश्रांती झाली. चारशे माणसं तहानलेली. सगळी विहिरीवर गेली. आता घागर यांच्याकडे, दोर त्यांच्याकडे. दोघांनी मिळून शेंदलं. घागरवाल्यानं दोरवाल्याच्या ओंजळीत ओतलं, दोरवाल्यानं घागरवाल्यासाठी ओढलं. "घे रे, आधी तू पी," असंही म्हणाले. मुलानं जावयाला पाजलं. मग तोंडं पुसली आणि सगळे हत्यारं आणायला घरोघर गेले.

मुलगा आला तो खोरं घ्यायला. तात्या दारात आडवा झाला.

"जाऊ नकोस."

"बाबा, नुसतं उभं राहायचंय. नाही गेलो तर मालक उद्यापासून गिरणीत पाय ठेवू देणार नाही."

"अरे, पण ही हत्यारं खरी आहेत. मी केलेली आहेत."

"मला कोण मारणार हो? समोर भावजी आहे," मुलगा हसत म्हणाला. खोरं खांद्यावर टाकलं, लेकराच्या गालाला हात लावला आणि गेला.

तात्या मागं धावला, पण म्हातारे पाय. तो चौकात पोचेपर्यंत वावटळ उठली होती. भेगाळलेल्या जमिनीची सगळी धूळ उभी राहिली. माणसाला स्वतःचा हात दिसेना. त्या धुळीत चारशे माणसं, आणि चारशे हातांत तात्याच्या हातचे दांडे. हातात आहेत हे हाताला कळतही नव्हतं. एकही मोडला नाही.

धूळ बसली तेव्हा सात-आठ जण कण्हत होते आणि एकजण कण्हत नव्हता. तात्याचा मुलगा पालथा पडला होता. शेजारी कुदळ होती. जावई चार पावलांवर उभा होता, रिकामे हात पुढे धरून, आणि तेच तेच म्हणत होता, "मला वाटलं कुणी दुसरा. मला वाटलं कुणी दुसरा."

भाषणमास्तरनं त्याला दंडाला धरून ओढत घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी शांतता समिती बसली. तात्याच्याच पडवीत, कारण सावली तिथं बरी होती. एका बाजूला गिरणीवाला, एका बाजूला भाषणमास्तर, मध्ये हवालदार. आम्ही शेजारीपाजारी अंगणात. सून उंबऱ्यात लेकरू घेऊन. लेकही आली होती, भिंतीला टेकून, दोन्ही हात पोटावर.

आधी गिरणीवाल्यानं भाषण केलं, की मृत कार्यकर्ता घागरीचा होता. मग भाषणमास्तरनं केलं, की लहानपणी तो दोरवाल्यांच्या म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकला, म्हणजे निम्मा आमचा. मग हवालदारानं फडक्यातून कुदळ काढली.

"तात्या, तुम्ही म्हणे दांडा चाचपून माणूस ओळखता. हा कुणाचा?"

तात्यानं कुदळ घेतली. अंगठ्याजवळच्या त्या खोलगट घरात त्याचं बोट गेलं. तिथंच राहिलं. वारा आला, भिंतीवरच्या सुतळ्या हलल्या. सुनेनं सासऱ्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं ते घर कुणाच्या अंगठ्याचं. काजळी चोळताना लेकीनंच कौतुकानं सांगितलं होतं.

"सांगा, तात्या."

"या कुदळीला कुणाची मूठ मोजलेली नाही," तात्या म्हणाला. "ही माझी कुदळ आहे. मीच मारलं."

"काय बोलताय? तुम्ही, पोटच्या पोराला?"

"धुळीत दिसलं नाही. लिहा तुम्ही."

हवालदारानं गिरणीवाल्याकडे पाहिलं. गिरणीवाल्यानं भाषणमास्तरकडे पाहिलं. हळूहळू दोघांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. सुतार घागरीचा नाही. सुतार दोराचाही नाही. म्हणजे खून झाला, पण कुठल्याच पक्षानं केला नाही.

"आम्हाला मान्य आहे," गिरणीवाला म्हणाला.

"आम्हीही सहमत," भाषणमास्तर म्हणाला. "शिवाय काठ्या निकृष्ट देऊन शांतता बिघडवल्याचाही गुन्हा लावा."

हेच ते दुसरं एकमत. ठराव झाला, टाळ्या झाल्या. सुनेला कुणी काही विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही. हवालदार तात्याला घेऊन निघाला तेव्हा ती पुढं आली आणि सासऱ्याच्या पायात चपला सरकवल्या. तेवढंच.

चार दिवसांनी जावई चौकीवर गेला. मी वाटेत भेटलो म्हणून माझ्याबरोबरच गेला. अंगात ताप, डोळे खोल गेलेले.

"साहेब, मामांना सोडा. मी मारलं. हा बघा माझा अंगठा, तो दांडा आणा, जुळवून बघा."

हवालदारानं त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली. खूप मायेनं बोलला. "बाबा रे, खुनी ठरलाय. दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्यात. असं एकमत या गावात पुन्हा होणं नाही, ते तू एकटा कसं मोडणार? घरी जा. बायको अवघडलेली आहे ना तुझी?"

जावई पायरीवर बसला. तीनदा उठला, तीनदा परत आत गेला. चौथ्यांदा हवालदारानं दार लावून घेतलं. मी आत जाऊन सांगू शकलो असतो. मलाही तो दांडा ठाऊक होता. मी त्याला हाताला धरून घरी आणलं, बस.

महिन्यानं एक ट्रक आला. राजधानीहून, दोन्ही साहेबांनी मिळून पाठवलेला, खर्च निम्मा निम्मा. आत लोखंडी नळ्या. न मोडणाऱ्या. गिरणीवाल्यानं आपल्या आळीत वाटल्या, भाषणमास्तरनं आपल्या. मलाही एक मिळाली. हातात घेतली तर थंड लागली आणि मूठ पुरी मिटेना. मी म्हणालो, "जाड आहे."

"सगळ्यांना एकच माप," वाटणारा म्हणाला. "होईल सवय."

तात्याची पडवी तशीच आहे. सुतळ्या लोंबतात. एक तेवढी सुनेनं काढली आणि चुलीत घातली, नवऱ्याची; घरच्यांचे खिळे तिला ठाऊक होते. शेजारच्याच खिळ्यावर जावयाची आहे. त्या सुतळीकडे हात नेताना मी सुनेला दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा हात मागं आला.

काल दुपारी मी विहिरीच्या वाटेनं येत होतो. सून तिथं उभी होती, पायाशी घागर, कडेवर लेकरू. पलीकडून लेक आली, खांद्यावर दोर, पाठीला बांधलेलं तान्हं. दोघी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच समोर आल्या असाव्यात. विहिरीच्या या काठाला एक, त्या काठाला एक. ऊन रणरणत होतं. पलीकडचं तान्हं रडायला लागलं, आणि ते बघून कडेवरचंही.

सुनेनं वाकून घागर काठावर ठेवली. तोंड दुसरीकडे वळवलं.

लेकीनं दोराचं टोक घागरीच्या गळ्याला बांधलं. बांधताना गाठ दोनदा सुटली.

घागर खाली गेली. बराच वेळ जातच राहिली, पाणी फार खाली गेलं होतं. मग बुडाल्याचा आवाज आला. दोघी ओढायला लागल्या, तोंडं दोन दिशांना करून. गाणं नव्हतं. वर आली तेव्हा घागर निम्मीच भरली होती. ती निम्मी त्यांनी पुन्हा निम्मी केली.